पहिलं ‘नाही’ आणि बाकीचे शब्द

आर्गाव, सेबू बेट
३ फेब्रुवारी १९९६

मार्तिनाबाई,

तुमचा मोठा इंडोनेशियन शब्दकोश मिळाला. पोस्टानं नव्हे, तुमच्या चिरंजीवांच्या हातून, आणि कोरडा. एवढा समुद्र ओलांडून आलेल्या पुस्तकाचं एकही पान फुगलेलं नाही, म्हणजे मुलगा वस्तू सांभाळतो. हे मुद्दाम लिहितो, कारण मी सहजासहजी कुणाला बरा शेरा देत नाही.

चार वर्षांपूर्वी मी तुमच्या बितुंगच्या शाळेला पहिलं पत्र टाकलं, ‘शब्दांच्या मुळांत रस असणारं तुमच्याकडे कुणी आहे का’ म्हणून, तेव्हा माझी बायको फेलिंग म्हणाली होती, “गावातल्यांनी तुझं ऐकणं सोडलं, आता परदेशी गिऱ्हाईक शोधतोस!” शोधलं आणि मिळालं. तुम्ही तुमच्या भाषेत लिहायचं, मी माझ्या, आणि ज्यानं त्यानं कोश उघडून अर्थ लावून घ्यायचा, हा आपला ठराव इतका चोख चालला आहे की दोन्ही सरकारांनी आपल्याकडून शिकावं.

तुमच्या कोशानं माझा नियम पक्का केला. आम्ही ‘ग’ म्हणतो तिथं तुम्ही ‘र’ म्हणता. तांदळाला आम्ही ‘बुगास’, तुम्ही ‘बेरास’. शंभराला आम्ही ‘गातोस’, तुम्ही ‘रातुस’. शेपटीला आम्ही ‘इकोग’, तुम्ही ‘एकोर’. विद्यापीठातले लोक म्हणतात, हे त्यांना कधीचंच माहीत आहे. असेल. मला कुणी सांगितलं नव्हतं. या किनाऱ्यावरच्या होड्यांवर नावं रंगवता रंगवता मी ते स्वतः शोधलं, तेव्हा ते माझंही आहे.

सगळ्यात गोड जोडी मात्र ‘दागत’ आणि ‘दारत’. आमचा ‘दागत’ म्हणजे समुद्र आणि तुमचा ‘दारत’ म्हणजे जमीन! एकाच पोटचे दोघे आणि तोंडं दोन दिशांना. माझं मत असं की मूळ शब्द किनाऱ्याचा. आमचे वाडवडील किनाऱ्यावर उभे राहून पाण्याकडे बोट दाखवत होते, तुमचे होडीत बसून वाळूकडे. दोघंही बरोबर.

आता दुसरा विषय. सेबू बंदरापासून आमचं आर्गाव बसनं तीन तासांवर. तुमच्या रोल्फीचं जहाज बंदराला लागलं की हा मुलगा तो प्रवास करतो. आधी तुमची पत्रं घेऊन यायचा, मग तुमच्याकडचा धुरी दिलेला मासा घेऊन आला. हल्ली काहीच आणत नाही, “सहज आलो” म्हणतो. आर्गावला सहज कुणी येत नाही. आणि नेमकी त्याच दिवशी माझी लेक ल्युसिला भट्टीपाशी बसून तोर्ता केक भाजत असते, तेही विक्रीचा दिवस नसताना. मी रंगारी आहे, आंधळा नाही.

आमच्याकडे ‘पमालाये’ नावाची रीत आहे. मुलाकडच्यांनी रांधलेलं घेऊन मुलीच्या घरी यायचं आणि मागणी घालायची. ‘बालाय’ म्हणजे घर, त्यावरून हा शब्द आला. तुमच्याकडे चावडीला ‘बालाइ’ म्हणतात, तो याचाच भाऊ. याहून जास्त मी काही सुचवत नाही. तुम्ही शिक्षिका होतात.

आपला,
पोलिकार्पियो आल्बिसो


बितुंग, उत्तर सुलावेसी
२ मार्च १९९६

पाक पोलिकार्पियो,

कोश पोचला की नाही ते रोल्फीनं सांगितलंच नाही. तोर्ता किती हलका होता, एवढं मात्र दोनदा सांगितलं. तेव्हा तुमच्या पत्राचा दुसरा विषय मला पहिल्याआधीच कळला होता.

मी यायला हवं, हे मान्य. पण माझा उजवा गुडघा जिन्याच्या पायरीलाही राजी नसतो, तो होडीच्या शिडीला कुठून होणार! नवरा समुद्रात गेला त्याला अठरा वर्षं झाली. दीर नाही, भाऊ नाही, माझ्या वतीनं पाठवावं असं कुणी नाही. म्हणून जे करायचं ते लिहूनच करते, आणि खाली पूर्ण नावानं सही करते.

मी, मार्तिना माकागान्सा, माझा एकुलता एक मुलगा रोल्फी याच्यासाठी तुमच्या मुलीला, ल्युसिलाला, मागणी घालते. मुलगा दारू पीत नाही. नोकरी जहाजावरची, म्हणजे घरी कमी. आम्ही प्रोटेस्टंट, तुम्ही कॅथलिक. ते दोन्ही पाद्री बघून घेतील, त्यांना तेवढंच काम. मुलीला मी मुलीसारखं वागवीन असं लोक लिहितात. मी तिला सुनेसारखं वागवीन, पण चांगल्या सुनेसारखं.

एक शंका. ‘पमालाये’ हा ‘बालाय’वरूनच आला याची खात्री आहे का? रोल्फी सांगतो, तुमच्याकडे व्याही-विहिणींना ‘बालायी’ म्हणतात. मग शब्द त्यावरून कशावरून नसेल? ‘घरी जाणं’ नव्हे, ‘व्याही होणं’. वर्गात एखाद्या पोरानं असं विचारलं असतं तर मी त्याला पुढच्या बाकावर बसवलं असतं.

उत्तराची वाट बघते.

मार्तिना माकागान्सा


आर्गाव
२९ मार्च १९९६

मार्तिनाबाई,

तुमचं पत्र उभं राहून वाचलं. असली पत्रं बसून वाचत नाहीत.

आता ऐका. आमचं घर हे घर म्हणण्याच्या लायकीचं नाही. छपराच्या झावळ्या इतक्या विरल्या आहेत की पाऊस आधी आत पडतो आणि मग बाहेर. जिना डुगडुगतो. असल्या घरातली मुलगी तुमच्या उंबऱ्याला कशी शोभावी? ल्युसिला भात करपवते. तिचा आवाज एवढा मोठा की कोंबडे तिला विचारून आरवतात. सकाळी तिला उठवायचं म्हणजे नांगर उपसण्याचं काम. माझ्या अंगणात तुम्हाला फूल दिसलं, ती दूर असल्यामुळे झालेली नजरेची चूक. जवळून बघाल तर गवताची काडी आहे.

तुमच्या किनाऱ्याला एवढ्या बागा बहरलेल्या असताना तुमची होडी या खडकाळ आर्गावला का लावता? इथं तळ फुटेल, शीड फाटेल, आणि वर लोक हसतील. नांगर उचला आणि शांत पाणी बघून दुसरीकडे टाका. आमचं उत्तर ‘नाही’ असं आहे.

पोलिकार्पियो आल्बिसो

ता. क. ‘पमालाये’ हा ‘बालाय’वरूनच आला आहे. तुमची शंका हुशारीची आहे, पण चूक आहे.


बितुंग
२८ एप्रिल १९९६

पाक पोलिकार्पियो,

तुमचं पत्र कोश उघडा ठेवून लावलं. माझंच काही चुकत असेल म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा लावलं. एकही शब्द चुकला नव्हता.

नकार देताना सगळे दोष तुम्ही स्वतःच्या मुलीवर घेतलेत, हा सभ्यपणा मी लक्षात ठेवीन. रोल्फीला मी कळवलं आहे. त्यानं जहाज बदलून घेतलं. नवं जहाज सेबूला लागत नाही.

शब्दांचा पत्रव्यवहारही आता इथं थांबवलेला बरा. कोश तुमच्याकडेच राहू द्या. दिलेली वस्तू मी परत घेत नाही.

मा. माकागान्सा


आर्गाव
२५ मे १९९६

मार्तिनाबाई,

एका झुळकीत शीड उतरवलंत! मला वाटलं होतं, तुम्ही सांगिरी लोक खलाशांची जात.

तुमच्या एका पत्रानंतर मी घराला नवं छप्पर घातलं. डुक्कर आणून बांधलं. ते आता खाऊन खाऊन पिंपासारखं झालं आहे आणि मला त्याच्या तोंडाकडे बघवत नाही. माझी मुलगी दुसऱ्यांदा विचारण्याच्याही लायकीची नाही, हे तुम्ही फारच सभ्य भाषेत कळवलंत, आभारी आहे.

शेवटचा एक शब्द देतो आणि थांबतो. आमचा ‘दुंगोग’ आणि तुमचा ‘देंगार’ एकाच मुळाचे. दोन्हींचा अर्थ ऐकणं. पण आमच्याकडे ‘दुंगोग’ म्हणजे अब्रूसुद्धा. चार लोक आपल्याबद्दल जे ऐकतात ती आपली अब्रू. तुमचा शब्द नुसत्या कानापाशी थांबतो, तुम्ही सुखी. आर्गावात सध्या लोक काय ऐकतात, ते मला रोज ऐकावं लागतं.

पोलिकार्पियो आल्बिसो


आर्गाव
९ जुलै १९९६

मार्तिना मावशी,

मी ल्युसिला. मी हे पत्र लिहिते आहे हे तातायना, म्हणजे बाबांना, माहीत नाही; नानायला, आईला, माहीत आहे. रोल्फीला लिहिलेली माझी पत्रं बंदरोबंदरी त्याच्या मागं हिंडताहेत, एकही त्याला गाठत नाही. म्हणून तुम्हालाच लिहिते.

तुम्ही तातायचं पत्र अगदी बरोबर वाचलंत. पण आमच्याकडे मुलीचा बाप पहिल्या मागणीला ‘हो’ म्हणतच नाही. म्हटलं तर लोक म्हणतात, पोरगी डोईजड झाली होती वाटतं! म्हणून तो घराला नावं ठेवतो, मुलीला नावं ठेवतो, दुसरं स्थळ बघा म्हणतो. मग मुलाकडचा बोलका माणूस हसतो आणि म्हणतो, “छप्पर गळतं? वा, आम्हाला चांदण्या बघत झोपायची सवय. भात करपतो? आमच्या पोराचा खरवडीवर जीव!” मग बाप पुन्हा ‘नाही’ म्हणतो, जरा हळू. मग माडीचा घडा येतो. शेवटचं ‘नाही’ इतकं हळू असतं की ते कुणाला ऐकूच येत नाही, आणि जेवायला बसतात. माझ्या आजोबांनी तातायना अख्खी दुपार ‘नाही’ म्हटलं होतं. तातायची सगळ्यात आवडती गोष्ट अजून तीच आहे.

ते खडकाचं आणि नांगराचं पत्र लिहायला त्यांना आठवडा लागला. शेजारीपाजारी वाचून दाखवलं. सगळे म्हणाले, असा देखणा नकार आर्गावात आजवर कुणी दिला नाही. पोस्टात टाकून आले आणि येताना डुक्कर घेऊन आले. लग्नासाठी, मावशी! दुसऱ्या कशासाठी आणणार?

आता ते भट्टीपाशी येत नाहीत, शब्दांचं बोलत नाहीत. काल एका नावेवर ‘स्टेला’ रंगवताना एक अक्षर गाळलं. ताताय आणि अक्षर गाळणं! नानाय घाबरली.

मी भात करपवत नाही. आवाज मोठा आहे, ते खरं.

ल्युसिला


बितुंग
१ ऑगस्ट १९९६

ल्युसिला,

तुझं पत्र वाचून मी आधी हसले. स्वयंपाकघरात एकटीच हसत होते, शेजारीण बघून गेली. मग राग आला, आणि तो अजून पुरता गेलेला नाही.

नवरा गेल्यापासून मी कुणाकडे काही मागितलेलं नाही. शाळेत खडूसुद्धा नाही, स्वतःचा न्यायची. तुला मागितलं ते पहिल्यांदा. माझी आई म्हणायची, एकदा मागितलं तर मागणं, दुसऱ्यांदा मागितलं तर भीक. तुझ्या वडिलांची रीत मला आता कळली. छान आहे. पण मी दुसऱ्यांदा विचारू शकत नाही, पोरी. गुडघा एकवेळ वाकेल माझा.

चार वर्षं त्यांनी माझ्या भाषेतल्या एकेका शब्दाचं कूळ विचारलं. माझ्या घरी नकार कसा देतात, हे एकदाही विचारलं नाही. मीही त्यांना विचारलं नाही, तेव्हा निम्मा दोष माझा धर.

रोल्फी महिनाअखेरीस घरी येतो आहे. तुझी पत्रं त्याला मिळाली की नाही, देव जाणे. हे पत्र कुणाला दाखवायचं, कुणाला नाही, ते तू ठरव. तुला अक्कल आहे.

मार्तिना माकागान्सा


आर्गाव
१४ ऑगस्ट १९९६

मार्तिनाबाई,

ल्युसिलानं तुमचं पत्र माझ्या रंगाच्या डब्यांवर ठेवलं. लाल रंग लागला, पण अक्षर शाबूत आहे.

तुम्ही दुसऱ्यांदा विचारणार नाही, हे कळलं. विचारू नका.

मुलीचा बाप कधी मागणी घालायला जात नाही, असं आर्गावातले झाडून सगळे म्हणतात. मी विचारून आलो. पाद्री म्हणाले, सरपंच म्हणाले, न्हाव्यानं तर वस्तरा थांबवून सांगितलं, “कार्पियो, नदी उलटी वाहवू नकोस.” पण शब्द तसं म्हणत नाही. तुमचं खरं धरलं तर ‘पमालाये’त ‘व्याही होणं’ आहे. माझं खरं धरलं तर ‘घरी जाणं’ आहे. जायचं कुणी आणि कुणाच्या घरी, हे दोन्हींत कुठंही लिहिलेलं नाही. ते लोकांनी मागाहून चिकटवलं. मी चिकटवलेलं वाचत नाही.

उत्तर पाठवू नका. ते येईल तेव्हा मी जहाजावर असेन.

पोलिकार्पियो


बितुंग
२ सप्टेंबर १९९६

फेलिंग,

पोचलो. जहाजावर ओकलो नाही; कुणी विचारलं तर एवढं आधी सांग. तांदळाचं पोतं कोरडं आहे. तोर्ता एका बाजूनं दबले, पण दबलेली बाजू खाली ठेवली तर कळत नाही. कोंबडा मात्र जनराल सान्तोसच्या बंदरातच सोडावा लागला. परक्या देशात कोंबडा नेता येत नाही म्हणे. चांगला लढवय्या होता.

बाईंचं घर बंदरामागच्या चढावर आहे. फाटकावर आडनाव रंगवलंय, त्यातलं मधलं एक अक्षर इतकं कललेलं की मी आत जायचं विसरून तिथंच उभा राहिलो. तेवढ्यात बाईंनीच फाटक उघडलं. मला वाटलं होतं त्यापेक्षा बुटक्या आहेत, हातात काठी. मागं रोल्फी, चुन्यासारखा पांढरा. त्याला ल्युसिलाची पत्रं मिळाली आहेत, सगळी एकदमच, परवा.

मी पोतं उंबऱ्याशी ठेवलं, टोपी काढली आणि जहाजावर पाठ केलेलं सगळं बोललो. आमची होडी लांबून आली आहे, वारा पडला आहे, तुमच्या बंदरात एक दोर बांधायची परवानगी असावी, वगैरे. माझ्या इंडोनेशियनमधली एक चूक रोल्फीनं दुरुस्त केली. ती चूक नव्हती, पण मी वाद घातला नाही.

बाईंनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाल्या, “पाक पोलिकार्पियो, आमचं घर हे घर म्हणण्याच्या लायकीचं नाही. मुलगा वर्षातून दहा महिने समुद्रावर, उरलेले दोन महिने पलंगावर. मोजे काढतो ते जिथं पडतील तिथं. असला मुलगा तुमच्या मुलीला कसा शोभावा? तुमच्याकडे एवढी बंदरं असताना इथं कुठं आलात? नांगर उचला. आमचं उत्तर ‘नाही’ असं आहे.”

फेलिंग, चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. तीस वर्षं वर्ग गप्प बसवलेली बाई ती! आणि मी, रीत कोळून प्यायलेला मी, टोपी परत डोक्यावर घालायला लागलो. हे सगळं माझंच वाक्य न् वाक्य आहे हे कळत होतं, तरी वाटलं, बाई खरंच बोलताहेत. एवढ्या लांब आलो, पोतं उंबऱ्यावर, दार बंद. त्यांनी माझं पत्र लावलं तेव्हा त्या या घरात एकट्या होत्या, आणि पलीकडे हसणारं कुणी नव्हतं. हे तुला सांगतो, आर्गावात सांगायचं नाही.

मग माझी नजर त्यांच्या काठीवर गेली. काठीचं टोक फरशीवर थरथरत होतं. हसू दाबत होती बाई!

मग काय विचारतेस. मी म्हटलं, “दहा महिने समुद्रावर? चिंता नको, आमच्या पोरीचा आवाज तिथवर पोचतो. मोजे टाकतो? आमच्या कुत्र्याला मोजे फार आवडतात.” रोल्फी धपकन खुर्चीत बसला. बाई पुन्हा ‘नाही’ म्हणाल्या, जरा हळू. मी म्हटलं, “पलंगावर झोपतो? आमच्याकडे पलंग नाही, म्हणजे प्रश्न मिटला.” तिसरं ‘नाही’ मला ऐकू आलं नाही. आलं असतं तरी ऐकलं नसतं.

मग जेवायला बसलो. आपला तांदूळ त्यांनी लगेच शिजवायला टाकला होता. एकीकडे ‘बुगास’, एकीकडे ‘बेरास’, आणि पातेलं एकच. माशाबरोबर हे लोक मिरची खातात, भाजीसारखी. दुसऱ्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते थांबेना.

“मिरची फार झाली का?” बाई म्हणाल्या.

“हो. मिरचीच,” मी म्हटलं.

रोल्फीनं पाण्याचा पेला पुढं सरकवला.

शब्दावरून वाद झालाच. त्या अजून ‘बालायी’ म्हणतात, मी ‘बालाय’ म्हणतो. बाई म्हणाल्या, “तुम्ही घरी आलात आणि आपण व्याही झालो. मग आधी काय घडलं ते बघा.” मी म्हटलं, आधी घरी आलो, म्हणजे मी जिंकलो. त्या म्हणाल्या, व्याही व्हायचं ठरवूनच घरातून निघालात, म्हणजे मी जिंकले. हे ठरायला वेळ लागेल. लग्न मात्र ठरलं, नोव्हेंबरात, आपल्या चर्चमध्ये. बाई स्वतः येणार. गुडघ्याचं काय, विचारलं तर रोल्फी म्हणतो, “मी उचलून आणतो.” बाई म्हणाल्या, “पोतं नाही मी.”

उद्या फाटकावरचं ते अक्षर सरळ करून देतो आणि निघतो. डुकराला खायला कमी घालू नकोस. ल्युसिलाला सांग, रोल्फी बारीक झाला आहे, पण बरा आहे.

आणि एक काम. नोव्हेंबरात त्या आपल्या जिन्याशी आल्या की तू वर उभी राहा आणि निदान एकदा ‘नाही’ म्हण. चेहरा गंभीर ठेव. तू हसशील, मला ठाऊक आहे, म्हणून आजपासून सराव कर. विहीणबाई तयारीच्या आहेत.

तुझा,
कार्पियो